तुमचा नाइट ओरिजिनल की कॉपी? आधी त्याला उलटा करा

आम्ही नाइट, म्हणजे युरोपातल्या जुन्या चिलखती योद्ध्यांच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या बाहुल्या विकतो. रोज एक तरी मेसेज येतो, "दादा, हा ओरिजिनल आहे का, आणि किती किंमत येईल?" आणि सोबत एक फोटो, समोरून काढलेला, ढाल पुढे, तलवार वर, मागे सोफा. फोटो छान असतो पण त्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण बघायचं असतं ते सगळं पायाखाली. मग आम्ही विचारतो खालून दाखवा, मग जो फोटो येतो तो हललेला, मग पुन्हा विचारतो उंची किती, आणि दोन मिनिटांच्या कामाला दोन दिवस जातात. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक पार्सलमध्ये टाकतोय.

फोटो असे पाठवा. नाइटला उलटा करा, स्टँडच्या खालची बाजू खिडकीच्या उजेडात धरा, उजेड तिरका पडला की उठावाची अक्षरं नीट दिसतात. घोडा असेल तर त्याच्या पोटाखालूनही एक. आणि एक फोटो मोजपट्टीला टेकवून उभा करून, हेल्मेटवरचा तुरा सोडून, पायापासून डोक्यापर्यंत. समोरचा फोटो सगळ्यात शेवटी पाठवलात तरी चालेल.

मोजपट्टी कशाला, हे बरेच जण विचारतात. ब्रिटन्स या इंग्लिश खेळणी कंपनीचे नाइट साधारण ५४ मिलिमीटरच्या मापाचे. हाँगकाँगच्या कारखान्यांनी कॉपी करताना अनेकदा तयार बाहुलीवरूनच साचा काढला, आणि प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसतं, त्यामुळे कॉपी मूळ बाहुलीपेक्षा थोडी लहान येते आणि चिलखताच्या कड्या, बोटं, नाक हे सगळं बोथट होतं. काही तर मुद्दामच लहान केलेत, स्वस्तात पिशवी भरायला. फोटोत हा दोन-तीन मिलिमीटरचा फरक कळत नाही, पट्टीवर लगेच कळतो.

आता अक्षरांबद्दल, कारण गोंधळ इथेच जास्त होतो. ‘एम्पायर मेड’ लिहिलं असेल तर तो इंग्लंडचा नाही, हाँगकाँगचा माल बऱ्याचदा तसा शिक्का मारून यायचा. काहीच लिहिलेलं नसेल तर बहुतेक कॉपी, पण नक्की म्हणता येत नाही, कारण टिम्पो (दुसरी इंग्लिश कंपनी) किंवा ब्रिटन्सच्या माणसाचा स्टँड हरवून दुसरा लावलेलाही सापडतो. आणि ‘हाँगकाँग’ दिसलं म्हणून लगेच कॉपी समजू नका! ब्रिटन्सने स्वतःच्या हेराल्ड मालिकेचं उत्पादन १९६० च्या दशकात हाँगकाँगला हलवलं होतं, तिथे ‘हेराल्ड’ आणि ‘हाँगकाँग’ दोन्ही शब्द शेजारी सापडतात आणि तो माल कंपनीचाच. अर्धवट वाचून एका गिऱ्हाइकाने असा तुकडा कॉपीच्या भावात देऊन टाकला, आमच्याकडे आला तेव्हा वेळ गेली होती, फार वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त कॉप्या झाल्या त्या ब्रिटन्सच्या स्वॉपेट नाइटच्या, म्हणजे सुटे भाग अदलाबदल करता येणाऱ्या. रॉय सेल्विन-स्मिथ यांनी घडवलेले, पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धातले, डोकं फिरतं, हेल्मेटची जाळी उघडते, तलवार म्यानातून बाहेर येते. कॉपीत यातलं बरंच एकसंध ओतलेलं असतं, म्यान कमरेलाच चिकटलेलं. म्हणून "तलवार निघत नाही, तुटका पाठवलात" अशी तक्रार आली तर आधी वर्णन वाचा, आम्ही तिथे कॉपी असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि त्या कारणासाठी पैसे परत देत नाही. तसंच एका कंपनीचा स्वार दुसऱ्या कंपनीच्या घोड्यावर बसेलच असं नाही, खुंटी-भोक वेगळं असतं, जोर लावू नका. डीटेल मालिकेचं सोपं आहे, ब्रिटन्सच्या माणसाखाली धातूचा स्टँड, कॉपीखाली प्लॅस्टिकचा.

लोक म्हणतात मग कॉप्या विकता कशाला. कारण आम्हाला त्या मनापासून आवडतात. हाँगकाँगमध्ये तेव्हा प्लॅस्टिकची खेळणी रंगवायचं, जोडायचं काम घराघरात चालायचं, त्यामुळे एकाच साच्यातले दहा नाइट घेतले तर दहा तऱ्हा निघतात, एकाची ढाल लाल, दुसऱ्याची निळी, एकाच्या चेहऱ्यावर फक्त गुलाबी ठिपका. एकच पोझ वीस रंगात जमवणारे लोक आमच्याकडे आहेत आणि तो संग्रह शेल्फवर मांडला की ओरिजिनलच्या रांगेपेक्षा मला तरी जास्त जिवंत वाटतो. शिवाय एक ते चार पौंडात मिळतो, मुलाच्या हातात द्यायला भीती नाही.

घरी आल्यावर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण एवढंच, थिनर अजिबात नको, रंग पॉलिथीनला धड धरलेला नसतो, थिनरने तो कायमचा जातो. वाकलेला भाला गरम पाण्यात धरून सरळ करायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचा. पण जुनं, उन्हात राहिलेलं पॉलिथीन ठिसूळ होतं, तसला भाला न वाकवलेलाच बरा. चिकट लागणारे पीव्हीसीचे तुकडे वेगळे ठेवा, थर्माकोलच्या डब्यात तर नकोच, डबा विरघळून त्यालाच चिकटतो.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी इथल्या मराठी घरांतून दरवर्षी मागणी येते, मावळे पुण्याहून येतातच पण पोरांना शत्रूही हवा असतो. त्यासाठी पंचवीस जणांची मिक्स पिशवी ठेवलीय, पायदळ आणि पाच घोडेस्वार, सगळे कॉपी, खालच्या अक्षरांचा फोटो लिस्टिंगमध्येच आहे. सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा, ऑक्टोबरमध्ये घोडे उरत नाहीत.