तरुण खेळाडूंची पारख (अमेरिकन फुटबॉल)

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघ कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची कुवत जोखतात, त्यांतले कोण घ्यायचे आणि घेतलेल्यांपैकी कोणासाठी किती काळ थांबायचे हे ठरवतात. ही सगळी प्रक्रिया म्हणजे तरुण खेळाडूंची पारख. प्रेक्षकांना तिचा एकच टप्पा ठळकपणे दिसतो, तो म्हणजे एप्रिलमधला ड्राफ्ट, ज्यात संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. पण ते काम त्याच्या बरेच आधी सुरू होते आणि खेळाडू संघात आल्यावरही काही वर्षे चालू राहते. हायस्कूल सुटून किमान तीन वर्षे झाल्याशिवाय कोणालाही लीगमध्ये प्रवेश नाही. त्यामुळे पारखायची मुले बहुधा २१ ते २३ वर्षांची असतात. शरीर अजून भरत असते आणि खेळाची समजही पक्की झालेली नसते.

पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची ती कल्पना. दुबळ्या संघाला निवडीचा पहिला मान, हे तिचे सूत्र आजही कायम आहे. पहिली निवड शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरची झाली, पण तो लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्या काळी संघांकडे पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू शोधून त्यांची कुवत जोखणारे लोक, नव्हते. न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा गावोगावची वृत्तपत्रे आणि मासिके मागवून खेळाडूंच्या नोंदी ठेवत. पूर्णवेळ स्काउट नेमण्याची सुरुवात १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एडी कोटल यांच्यापासून केली.

१९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाने या कामात संगणक आणला. त्यामागची आकडेमोड एका भारतीयाची होती. अलीगढ विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी तेव्हा आयबीएमच्या एका उपकंपनीत होते आणि अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा आधी संबंध नव्हता. काउबॉइजचे टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट यांची अडचण अशी होती की दोन स्काउट एकाच खेळाडूला ‘चपळ’ म्हणत, पण दोघांच्या मनातली चपळाई वेगळी असे. कोणी सढळ हाताने गुण देई, कोणी हात राखून. कुरेशी यांनी चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, तल्लखपणा, ताकद अशा गुणांची विधाने तयार करून स्काउटांकडून त्यांवर आकडे मागवले. कोणता स्काउट कुठे झुकतो, याचाही हिशोब त्यांनी केला. खेळाडूला जोखण्याआधी जोखणाऱ्याला जोखले पाहिजे, ही या क्षेत्रातली मोठी सुधारणा होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज संघांकडे कितीतरी अधिक माहिती असते, पण मूळ प्रश्न तोच आहे.

दुसरा मोठा बदल पिट्सबर्गमध्ये घडला आणि त्यात यंत्राचा काही वाटा नव्हता. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा पत्रकार. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांचे सामने ते वर्षानुवर्षे पाहत होते. तिथल्या प्रशिक्षकांशी त्यांचा घरोबा होता आणि बहुतेक संघ त्या मैदानांकडे फिरकतही नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघासाठी काम करू लागले. अलाबामा ए अँड एम कॉलेजच्या जॉन स्टॉलवर्थची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ओल्या मैदानावर तो मंद धावला आणि बाकीचे स्काउट निघून गेले. नन मागे राहिले आणि कोरड्या जमिनीवर त्यांनी त्याला पुन्हा धावायला लावले. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर यांना घेतले. साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल कोणीच निवडला नव्हता, त्यालाही करारबद्ध केले. हे पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. २०२१ मध्ये नन यांनाही तो मान मिळाला, पण तोवर त्यांना जाऊन काही वर्षे झाली होती.

आजच्या पारखीतले सर्वांत गाजणारे अंग म्हणजे स्काउटिंग कम्बाइन, ड्राफ्टआधी सर्व संघांसमोर होणारी खेळाडूंची एकत्रित चाचणी. १९८२ मध्ये ते टॅम्पा येथे सुरू झाले आणि १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये भरते. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. प्रत्येक संघाने एकाच मुलाचा गुडघा वेगवेगळा तपासण्यापेक्षा सर्वांचे डॉक्टर एका जागी यावेत, एवढाच. अजूनही संघांच्या लेखी त्याचे खरे मोल तपासणी आणि मुलाखतींमध्ये आहे. टीव्हीवर मात्र दिसते ती ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ती ४.२१ सेकंदांत पूर्ण करून कम्बाइनचा विक्रम केला. याखेरीज उंच उडी, लांब उडी, वळणांची धाव आणि २२५ पौंडांचा बेंच प्रेस होतो.

या आकड्यांची मर्यादा दाखवायला टॉम ब्रेडीचे नाव हमखास घेतले जाते. त्याची धाव ५.२८ सेकंदांची होती, २००० मध्ये तो १९९ वा निवडला गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. तरीही या उदाहरणावरून घड्याळ निरुपयोगी ठरत नाही. बचाव फळीच्या कडेला खेळणाऱ्याला वेग हवाच. ब्रेडी खेळे त्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या, जागेचे काम निराळे. समोरची बचावाची मांडणी वाचायची आणि अंगावर माणसे धावून येत असताना अचूक फेक करायची. हे स्टॉपवॉचला कळत नाही. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक चाचणी कम्बाइनमध्ये वर्षानुवर्षे घेतली जाई, ती २०२२ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउडचे दुसऱ्या एका आकलन चाचणीतले कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्याबद्दल शंका घेतल्या गेल्या. त्याच मोसमात तो आक्रमण फळीतला सर्वोत्तम नवोदित ठरला.

संघात आल्यावर होणारी पारख कमी गाजते, पण ती अधिक विश्वासार्ह असते. उन्हाळ्याच्या कॅम्पमध्ये प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर त्यांतले ५३ ठेवावे लागतात. प्रत्येक सरावाचे चित्रण होते आणि त्या-त्या जागेचा कोच ते मुलांना समोर बसवून दाखवतो. कोण चूक एकदा करतो आणि कोण तीच पुन्हा पुन्हा, हे तिथे कळते. मोसमपूर्व सामन्यांचे आकडे फसवे असतात, कारण उत्तरार्धात समोर खेळणारेही बहुधा नोकरी टिकवायला झगडणारेच असतात. म्हणून दोन संघांच्या एकत्र सरावाला अनेक कोच अधिक मोल देतात.

५३ मध्ये न बसणाऱ्या तरुणाला सोडले, तर आधी इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी मिळते. कोणी उचलला नाही, तरच त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे फक्त सरावासाठीच्या राखीव तुकडीत, ठेवता येते, आणि तिथूनही दुसरा संघ त्याला आपल्या ५३ मध्ये नेऊ शकतो. जेम्स हॅरिसनला स्टीलर्सनी अनेकदा सोडले. २००८ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. ईगल्सनी २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतलेला जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो खेळलेला नव्हता. पहिली दोन वर्षे तो लीगच्या एकाही सामन्यात उतरला नाही. आक्रमणाच्या पुढच्या फळीचे कोच जेफ स्टाउटलँड यांनी त्याला पायांच्या हालचालीपासून सगळे शिकवले आणि पुढे तो संघाचा कायमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे त्या फळीत डावीकडून क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा, झाला.

अशी उसंत आता दुर्मिळ होत चालली आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या सामूहिक करारानंतर ड्राफ्टमधील खेळाडूंना चार वर्षांचे, ठरलेल्या मर्यादेतले वेतन मिळते. २०१० मध्ये पहिल्या निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी होती. वर्षभराने त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा संपूर्ण करार सुमारे २.२ कोटींचा झाला. तरुण खेळाडू स्वस्त पडू लागला, त्यामुळे स्वस्त असेपर्यंत त्याला खेळवून घेण्याची घाईही वाढली. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवायचे का, हे संघाला तिसऱ्या मोसमानंतर, मेच्या सुरुवातीलाच सांगावे लागते. ग्रीन बे पॅकर्सचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह तोवर त्याच जागेवरच्या ॲरन रॉजर्सचा राखीव म्हणून बसून होता आणि पहिल्या चेंडूपासून मैदानात उतरला असा एकच सामना खेळला होता. २०२३ मध्ये संघाने पाचव्या वर्षाचा पर्याय न वापरता त्याच्याशी एक वर्षाची वेगळी करारवाढ ठरवली. एका पूर्ण मोसमाचा खेळ पाहून झाल्यावर, जुलै २०२४ मध्ये, त्याच संघाने त्याला चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार दिला.