जैवविषे

जैवविषे : सजीवांच्या शरीरात तयार होणारी व दुसऱ्या सजीवाला अल्प मात्रेतही अपाय करणारी द्रव्ये. जीवाणू, बुरशी, वनस्पती व प्राणी या सर्वांत ती आढळतात. नाग, विंचू ती दंशावाटे सोडतात. एरंडाच्या बियांतील रिसीन किंवा विषारी अळंबीतील द्रव्ये पोटात गेल्यावर बाधतात. ज्ञात विषांतील सर्वांत जहाल मानले जाणारे बोट्युलिनम हेही प्रयोगशाळेतले नव्हे, एका जीवाणूचे आहे.

बहुतेक जैवविषे सरसकट नासधूस करत नाहीत, शरीरातील एखादा नेमका दुवा गाठतात. याचे उत्तम उदाहरण बोट्युलिनम व धनुर्वात यांची विषे. दोन्ही जीवाणू क्लोस्ट्रिडियम कुळातले, आणि दोन्ही विषे चेतापेशीला संदेशद्रव्य बाहेर सोडायला मदत करणारी प्रथिने कापतात. बोट्युलिनम हे काम स्नायूजवळच्या चेताटोकाशी करते. अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशद्रव्य सुटत नाही आणि स्नायू लुळा पडतो. धनुर्वाताचे विष चेतातंतूतून उलट दिशेने मेरुरज्जूपर्यंत चढते व स्नायूंना आवर घालणारे संदेशच थांबवते. मग दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाचे नाव त्यावरूनच पडले. कात्री तीच, पण एक रोगी लुळा पडतो, दुसरा ताठतो. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास दोघांच्याही जिवावर बेतते.

नागाचे चेताविष चेता व स्नायू यांच्या याच सांध्याच्या पलीकडच्या बाजूला, स्नायूवरील संदेश टिपणाऱ्या ग्राहींना अडवते. घोणस व फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींना क्षार व पाणी बाहेर टाकायला लावते. ते शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात १९५९ मध्ये दाखवून दिले. रिसीन पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन सावकाश, वर्षानुवर्षे खाण्यातून यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी खाद्यातील याच विषाने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला.

उकळल्याने प्रत्येक विष जात नाही. बोट्युलिनम नष्ट होते, पण स्टॅफिलोकोकस जीवाणूचे अन्नातील विष टिकते.

बेरिंग व कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये प्रतिविषाचे तत्त्व सिद्ध केले. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून टाकते. चेतापेशीत शिरलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. त्यामुळे बोट्युलिनमची बाधा झालेल्या रोग्याला चेताटोके पुन्हा कामाला लागेपर्यंत आठवडे, कधी महिने थांबावे लागते.