ब्राउवर की ओस्टाडे?

अंधारी खोली, पिंपाभोवती जमलेले खेडूत, कुणाच्या हातात दारूचा मग, कुणाच्या तोंडात मातीचा पाइप. सतराव्या शतकातलं असं चित्र समोर आलं की ते आद्रियान ब्राउवरचं की आद्रियान व्हान ओस्टाडेचं, इथे घोळ होतो. नाव एक, विषय एक, मातकट रंगही तेच. दोघंही नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये चित्रकार फ्रान्स हाल्सच्या हाताखाली शिकले, असं जुने चरित्रकार सांगतात.

मी आधी चेहरे बघते. ब्राउवरचा सगळा जीव चेहऱ्यात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं ‘धूम्रपान करणारे’ हे चित्र आहे, साधारण १६३६ मधलं, जेमतेम ४६ सेंटिमीटर उंचीच्या लाकडी फळीवर. मधला माणूस डोळे वटारून, तोंडाचा चंबू करून थेट आपल्याकडे धूर सोडतो. तो खुद्द ब्राउवर. उजवीकडचा एक नाकपुडी दाबून दुसरीतून धूर काढतो. भिंत कशी होती हे नंतर आठवतच नाही, ते डोळे मात्र आठवतात. ब्राउवर मूळचा फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. हार्लेमहून अँटवर्पला गेला आणि १६३८ मध्ये, बत्तिशीच्या आसपास वारला. रुबेन्सकडे त्याची १७ चित्रं होती! एवढा मोठा चित्रकार गुत्त्यातली ही भांडखोर माणसं घरात लावत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओस्टाडेकडे मात्र खोली बोलते. उंच तुळया, शिडी, फुटकी टोपली, खिडकीतून तिरपा येणारा उजेड, आणि त्यात बुटकी, गोल पाठीची माणसं. एकेकट्या चेहऱ्यापेक्षा सगळ्यांचं मिळून बसणं त्याला प्रिय. तो हार्लेमलाच राहिला, १६८५ पर्यंत जगला. १६५० नंतर त्याच्या खोल्या उजळत गेल्या, माणसंही निवळली; मारामाऱ्या कमी झाल्या, मुलंबाळं दिसू लागली.

खरी पंचाईत १६३० च्या दशकातल्या ओस्टाडेची. तेव्हा तो ब्राउवरच्या इतका जवळ आहे की तीच झोंबाझोंबी, तेच वेडेवाकडे चेहरे. अशा वेळी कोपऱ्यात सही आणि साल शोधावं. ओस्टाडे पुष्कळदा दोन्ही लिहितो. ब्राउवरच्या चित्रावर साल सापडत नाही.