दुर्बिणीचा काटा कोण तपासतो?

ॲस्ट्रोसॅटचं नाव निघालं की बहुतेकांना आठवतो तो २८ सप्टेंबर २०१५ चा लॉन्च. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं भारताची पहिली अवकाश वेधशाळा वर नेली, टीव्हीवर टाळ्या झाल्या, पेपरला फोटो आले आणि आपल्यासाठी विषय तिथंच मिटला. ५ वर्षांसाठी बनवलेल्या या दुर्बिणीनं २०२५ मध्ये १० वर्षं पुरी केली आणि या १० वर्षांत रोज कुणीतरी बसून तिचं टाइमटेबल लावलंय, तिचे आकडे तपासलेत, कुठला पिक्सेल बिघडला ते शोधलंय. मला स्वतःला लॉन्चपेक्षा हे रोजचं काम जास्त भारी वाटतं, आणि त्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हा लेख.

आधी ती आहे कुठं ते बघू. जमिनीपासून साधारण ६५० किलोमीटरवर, पृथ्वीची एक फेरी सुमारे ९८ मिनिटांत. पण सांगलीत गच्चीवर उभं राहून ती डोक्यावरून जाईल म्हणून वाट बघत असाल तर ती कधीच जाणार नाही, कारण तिची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली आहे आणि आपण जवळपास १७ अंश उत्तरेला. आपल्याकडून ती कायम दक्षिणेच्या आकाशात, तीही क्षितिजापासून फार वर नाही. अशी कक्षा मुद्दाम निवडली. ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकच्या वर एक पट्टा आहे, तिथं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर असल्यानं विद्युतभारित कण बरेच खाली येतात, त्याला साऊथ अटलांटिक अनॉमली म्हणतात. क्ष-किरण मोजणाऱ्या डिटेक्टरना हे कण म्हणजे नुसता गोंगाट, आणि हाय व्होल्टेज चालू असेल तर धोकाही. विषुववृत्ताजवळ राहिलं की या पट्ट्याची फक्त कड लागते. तेवढ्यासाठी सुद्धा वर एक वेगळं उपकरण बसवलंय, चार्ज्ड पार्टिकल मॉनिटर. कण वाढले की ते इशारा देतं, व्होल्टेज खाली येतं, पट्टा ओलांडला की परत वर.

म्हणजे ९८ मिनिटातली काही मिनिटं तिथं गेली. त्यात पृथ्वी मध्ये येते, बऱ्याचशा ताऱ्यांच्या बाबतीत प्रत्येक फेरीत येते. अतिनील दुर्बीण यूव्हीआयटी तर फेरीच्या रात्रीच्या भागातच काम करते, दिवसा सूर्याचा विखुरलेला उजेड फार. शिवाय दुर्बीण सूर्याच्या जवळपास रोखायची नाही, आणि यूव्हीआयटीच्या नजरेत एखादा जास्त तेजस्वी तारा आला तर डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो म्हणून प्रत्येक टार्गेटच्या आजूबाजूचे तारे आधीच तपासावे लागतात. एवढ्या सगळ्या नकारांमधून जी मिनिटं उरतात ती जोडून जोडून इस्रोच्या उपग्रहांचं नियंत्रण करणाऱ्या बंगळुरूच्या इस्ट्रॅक केंद्रातली माणसं प्लॅन बनवतात, आज्ञा वर पाठवतात, आणि डेटा बंगळुरूजवळच्या ब्यालालूला उतरतो. तिथून तो त्या त्या उपकरणाच्या केंद्राकडं जातो, उदाहरणार्थ सीझेडटीआय नावाच्या क्ष-किरण कॅमेऱ्याचं केंद्र पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे.

आता मुख्य मुद्दा. डेटा उतरला, त्यात लिहिलंय की अमुक ताऱ्याकडून सेकंदाला इतके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले. हा आकडा खरा कशावरून?

आपल्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढवायच्या आधी शेतकरी बाहेरच्या काट्यावर वजन करून पावती खिशात ठेवतो, दोन पावत्यांत फरक निघाला की काटामारीवरनं भांडण, आणि त्याचा निवाडा शेवटी एकाच पद्धतीनं होतो, ज्यांचं वजन पक्कं माहिती आहे अशी प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून बघायची. दुर्बिणीचं अवघड असं की ६५० किलोमीटरवर वजनं घेऊन जाणार कोण? लॉन्चच्या आधी लॅबमध्ये सगळं तपासलेलं असतं, पण रॉकेटचे हादरे, तापमानातले बदल, वर्षानुवर्षं बसणारा कणांचा मारा, यानं प्रत्येक गोष्ट थोडी थोडी सरकत राहते.

यावर पहिला उपाय म्हणजे वजन सोबतच पाठवायचं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेल्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीचा सीसीडी कॅमेरा उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला असतो, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर किरणोत्सारी लोहाचे, म्हणजे लोह-५५ चे, चार बारीक तुकडे कायम प्रकाश टाकत असतात. त्यातून येणारे क्ष-किरण ५.९ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे, निसर्गानंच ठरवलेला आकडा, तो कधी बदलत नाही. त्यामुळं कुठल्याही दिवशीचा डेटा घ्या, आकाशाकडं दुर्लक्ष करा, फक्त चार कोपऱ्यांचा आलेख काढा, शिखर ५.९ वर आलं पाहिजे. थोडं खाली आलं तर समजायचं की कणांच्या माऱ्यानं सीसीडीमध्ये बारीक बारीक खड्डे झालेत, विद्युतभार वाचनापर्यंत सरकत जाताना त्यातला थोडा तिथंच अडकून राहतोय, आणि मग तेवढी दुरुस्ती सगळ्या डेटाला लावायची. किती साधी आणि किती सुंदर व्यवस्था आहे बघा. फक्त एक आहे, लोह-५५ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे २.७ वर्षांचं. म्हणजे १० वर्षांनी लॉन्चच्या वेळच्या जेमतेम ८ टक्के उजेड शिल्लक. आकडा तोच राहतो पण फोटॉन इतके कमी येतात की तेच शिखर नीट दिसायला कितीतरी जास्त वेळ डेटा साठवावा लागतो.

सीझेडटीआयमध्ये अमेरिशियम-२४१ वापरलंय, त्याचं अर्धायुष्य ४३२ वर्षं, ते काही आपल्या हयातीत संपत नाही. तिथली युक्ती तर फारच हुशारीची. अमेरिशियमचा अणू फुटताना एक अल्फा कण आणि बऱ्याचदा ६० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळचा एक फोटॉन निघतो. अल्फा कण शेजारच्या स्फटिकात लगेच पकडला जातो आणि इलेक्ट्रॉनिक्सला कळतं की आत्ता आलेला फोटॉन घरचा आहे, आकाशातला नाही. प्रत्येक फोटॉनला असं लेबल लागल्यामुळं तपासणी आणि निरीक्षण एकाच वेळी चालतं, दुर्बीण थांबवावी लागत नाही.

पण ही तपासणी ऊर्जेची झाली. एकूण फोटॉन किती यावेत हे कसं तपासणार, त्याला आकाशातलंच काहीतरी लागतं. क्ष-किरणवाल्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं क्रॅब वापरला. वृषभ राशीत बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी, १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष, सुमारे ६५०० प्रकाशवर्षांवर. इतका तेजस्वी आणि इतका स्थिर की बाकीच्या स्रोतांची तेजस्विता सुद्धा अमुक क्रॅब, तमुक मिलिक्रॅब अशी सांगतात. आणि मग २०११ मध्ये एकापेक्षा जास्त उपग्रहांचा डेटा शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की २००८ ते २०१० या दोन वर्षांत क्रॅब स्वतःच जवळपास ७ टक्क्यांनी मंदावला होता. एकाच दुर्बिणीनं हे बघितलं असतं तर लोकांनी दुर्बिणीलाच दोष दिला असता आणि डेटा "दुरुस्त" करून टाकला असता. म्हणून आता एकट्या क्रॅबवर कोणी विसंबत नाही. ३सी २७३ सारखा क्वेसार, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, दोन-तीन दुर्बिणी एकाच वेळी बघतात, प्रत्येकीचा आकडा काढतात आणि फरक कुठं पडतोय त्यावर वाद घालतात, तारखा ठरवून, कित्येक महिने आधीपासून.

क्रॅबची अजून एक अडचण आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मृग नक्षत्र निघतं म्हणजे सूर्य आकाशाच्या ज्या पट्ट्यात जातो, क्रॅब त्याच पट्ट्यात आहे, जूनच्या मध्याला सूर्य त्याच्या अगदी शेजारून जातो. इकडं आपण ढगांकडं बघत असतो आणि वर ढगांचा प्रश्नच नसताना सुद्धा त्याच्या मागं-पुढं कित्येक आठवडे क्रॅब बघता येत नाही. यूव्हीआयटीवाल्यांनी यातून छान वाट काढली. त्यांचं मुख्य प्रमाण म्हणजे एचझेड ४ नावाचा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, तोही वृषभेतलाच, पण संवेदनशीलता कमी होत्येय का हे नियमित बघायला त्यांनी एनजीसी १८८ हा जुना तारकागुच्छ धरला. हा ध्रुवाजवळ आहे, सूर्य कधी तिकडं फिरकत नाही, वर्षभर कधीही बघा. दर वेळी तेच तारे मोजायचे आणि आकडे जुन्या आकड्यांशी ताडायचे. यात शोध काही लागत नाही, लागला नाही तरच बरं. अतिनील किरणांच्या दुर्बिणीला घाणीची फार भीती, आरशावर सेंद्रिय रेणूंचा अगदी पातळ थर बसला तरी अतिनील प्रकाश तिथंच शोषला जातो. म्हणून तर लॉन्चनंतर दोन महिने यूव्हीआयटीचं झाकण बंद ठेवलं होतं, यानातून निघणारे वायू निघून जाईपर्यंत, आणि ३० नोव्हेंबर २०१५ ला ते उघडलं.

घड्याळाची तपासणी पण होते आणि ती मला आवडते कारण त्यात आपल्या जवळचं ठिकाण येतं. क्रॅबच्या पोटात एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघट्ट गाभा, सेकंदाला ३० वेळा फिरतोय, असे ठोके देणाऱ्या ताऱ्याला पल्सर म्हणतात. त्याचे ठोके सीझेडटीआयनं क्ष-किरणांत मोजले आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनं आणि उटीच्या रेडिओ दुर्बिणीनं रेडिओ लहरींत, मग दोन्ही जुळवून यानावरच्या घड्याळात किती मिलिसेकंदांचा ठराविक फरक आहे तो काढला.

बिघाड होतातच. यूव्हीआयटीच्या तीन चॅनेलपैकी निकट-अतिनील चॅनेल २०१८ मध्ये बंद पडला. एलएएक्सपीसी या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या तीन डिटेक्टरपैकी एकातला झेनॉन वायू गळत होता, वायू विरळ होत गेला तसे ऊर्जेचे आकडे सरकत राहिले, शेवटी तोही २०१८ मध्ये बंद करावा लागला. सीझेडटीआयच्या १६,३८४ पिक्सेलपैकी काही अधूनमधून उगाचच बडबड करतात, त्यांना शोधून डेटातून काढावं लागतं. हे सगळं इतक्या चिकाटीनं केलं म्हणूनच त्याच सीझेडटीआयनं क्रॅबच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण (लहरी कुठल्या दिशेला जास्त डोलतात ते) पल्सरच्या फिरण्याबरोबर कसं बदलतं हे मोजलं, आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

सांगलीत विश्रामबागला काही बीएस्सीच्या पोरांबरोबर बसून मी हा डेटा उघडून बघितलाय. पहिलाच आलेख आला आणि दर दीड तासाला त्यात खड्डा, पोरं खूष, म्हणाली ग्रहण सापडलं, दोन ताऱ्यांची जोडी असणार. मग एकीनं खड्ड्यांमधलं अंतर मोजलं आणि ते आलं साधारण ९८ मिनिटं. ताऱ्याला काही झालेलं नव्हतं, पृथ्वी मध्ये येत होती. त्या मुलीनं मग स्वतःहून विचारलं की कुठली मिनिटं धरायची आणि कुठली सोडायची याची यादी मिळते का. मिळते, प्रत्येक निरीक्षणाबरोबर चांगल्या वेळांची वेगळी फाईल येते, आधी ती लावायची मगच आलेख काढायचा.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर इस्रोच्या आयएसएसडीसी संग्रहातून हा डेटा फुकट मिळतो, नाव नोंदवावं लागतं एवढंच. सुरुवात क्रॅबनं करा, कारण तिथं उत्तर आधीच माहिती असतं. पृथ्वीच्या आणि यानाच्या हालचालीची दुरुस्ती करा, पल्सरच्या एका फेरीचा त्या महिन्याचा नेमका वेळ, म्हणजे आवर्तकाल, इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या मासिक तक्त्यातून घ्या आणि फोटॉनच्या वेळा त्या आवर्तकालावर एकावर एक रचा. प्रत्येक फेरीत दोन टोकदार शिखरं दिसली पाहिजेत. सपाट रेघ आली तर बहुतेक वेळा घोळ वेळेच्या दुरुस्तीत असतो, तो सापडल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या ताऱ्याची फाईल उघडू नका.