घरी जोडलेली गाडी आधी ट्रॅकवर का नेतात?

गॅरेजात दीड-दोन वर्षं खपून जोडलेली किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरी बांधलेली गाडी, पहिल्यांदा शर्यतीच्या ट्रॅकवर उतरते, तेव्हा बघणाऱ्याला ती निव्वळ हौस वाटते. खरं तर तो जोडणीचाच उरलेला भाग असतो. कारखान्यातल्या गाडीची तपासणी आधीच झालेली असते. इथे एकेक नट मालकाने स्वतः आवळलेला असतो. ही रीत रुजली ब्रिटनमध्ये, आणि तिच्या मुळाशी आहेत दुसऱ्या महायुद्धानंतर रिकामे पडलेले विमानतळ आणि एक कर.

युद्धापूर्वी ब्रिटिश शर्यतींचं माहेरघर होतं ब्रुकलँड्स. १९३९ नंतर तिथे शर्यत झाली नाही. जागा विमानांच्या कामाला गेली. युद्ध संपलं तेव्हा ट्रॅकची वानवा होती, पण हवाई दलाचे तळ जागोजागी पडून होते. १९४८ मध्ये गुडवुड आणि सिल्वरस्टोन इथे अशाच तळांवरच्या रस्त्यांवर शर्यती सुरू झाल्या. त्याच सुमारास कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात, ऑस्टिन सेव्हन या जुन्या छोट्या गाडीवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे हाच लोटस या मोटार कंपनीचा संस्थापक.

त्याची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, साधं फोर्ड इंजिन. वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास. तयार गाडीवर तेव्हा जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून करासह १,०३६ पौंडांना पडणारी गाडी किट घेतली तर ५३६ पौंडांत मिळे. किटसोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती. मग लोटसने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, असं सांगतात. किस्सा खरा असो-नसो, जोडणाऱ्याच्या डोक्यावर केवढी जबाबदारी होती ते त्यातून नेमकं कळतं.

आणि हलक्या गाडीत चूक लपत नाही. ८० किलोचा माणूस ५०० किलोच्या गाडीत बसला की तोल बदलतो. म्हणून चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, सीटवर चालक किंवा तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून स्प्रिंगांची उंची जुळवतात. मग ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या, त्याही सावकाश. लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत परत. बॉनेट उतरवायचं, ब्रेक ऑइल कुठे पाझरतंय का ते बोटाने चाचपायचं, चाकांचे नट पुन्हा पान्याने बघायचे. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर आधीच रंगाची रेघ मारलेली असते. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी मोजतात, त्यावरून चाकाचा कल बरोबर आहे की नाही ते समजतं.

माझ्या मते सगळ्यात मोलाची नजर मात्र ऑइल प्रेशरच्या काट्यावर हवी. लांब वळणावर इंजिनातलं ऑइल तळाच्या टाकीत एका बाजूला लोटलं जातं, पंपात ऑइलऐवजी हवा शिरते आणि काटा खाली येतो. रस्त्यावर महिनोन्महिने न दिसणारा हा दोष ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच उघडा पडतो. तेवढ्यात पाय काढला तर इंजिन वाचतं.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि किटमागचं करबचतीचं कारण संपलं. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले, आणि किट विकणं चालूच राहिलं. स्वतः जोडण्याची ओढ करापेक्षा जुनी होती. १९९८ पासून अशा एकेकट्या गाड्यांसाठी सरकारी तपासणी आली. २००९ मध्ये तिची जागा आणखी कडक तपासणीने घेतली. तिथे दिवे, ब्रेक, धूर, अंगाला लागतील अशा धारदार कडा हे सगळं बघतात. तापलेले ब्रेक पाचव्या फेरीत कसे वागतात, हे तिथे कळत नाही. ते ट्रॅकवरच बघावं लागतं.

सेव्हनची ही घडण आपल्या अलिबागपर्यंतही पोचली. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या चिंकारा मोटर्सने त्याच धर्तीची रोडस्टर, म्हणजे दोन जणांची उघडी गाडी, बांधली: फायबरग्लासची बॉडी, पुढे लांबलचक नाक, आणि बॉनेटखाली इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, आपल्या काँटेसात असायचं तेच.