क्वालालंपूर–सिंगापूर हवाई अंतर व प्रवासकाळ

मलेशियाची राजधानी क्वालालंपूर आणि सिंगापूर यांच्यातील हवाई मार्ग. सेपांग येथील क्वालालंपूर आंतरराष्ट्रीय विमानतळ ते सिंगापूरचा चांगी विमानतळ हे सरळ अंतर सुमारे २९७ किमी (१६० सागरी मैल) आहे. वेळापत्रकात या फेरीला एक ते सव्वा तास दिलेला असतो. प्रत्यक्ष हवेत विमान जेमतेम पाऊण तास असते.

जेट विमानाच्या ताशी ८०० किमीच्या वेगाने हे अंतर बावीस-तेवीस मिनिटांत कापले जायला हवे. तसे होत नाही, कारण एवढ्या छोट्या उड्डाणात विमानाला त्या वेगाने सलग उडायला सवडच मिळत नाही. अर्धी वाट वर चढण्यात जाते, उरलेली बहुतेक खाली उतरण्यात. पट्टे सोडण्याची खूण होते, कर्मचारी घाईघाईने पाणी देतात आणि रिकामे पेले गोळा होईतो विमान उतरायला लागलेलेही असते. वेळापत्रकातला बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर फाटकाशी येणे यासाठी असतो.

२९७ किमी हे दोन विमानतळांमधले अंतर आहे, ही गोष्ट नेहमी निसटते. शहरांच्या मध्यभागांतले सरळ अंतर सुमारे ३१५ किमी भरते. सेपांग क्वालालंपूरच्या दक्षिणेला, म्हणजे सिंगापूरच्याच दिशेला असल्याने प्रवासी विमानात बसण्याआधीच रस्त्याने पन्नासएक किमी पुढे आलेला असतो. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल या मुख्य रेल्वे स्थानकावरून विनाथांबा गाडी २८ मिनिटांत टर्मिनल १ ला पोहोचवते. त्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ, सुरक्षा तपासणी आणि पारपत्राच्या दोन रांगा धरल्या की घर ते घर प्रवास चार-पाच तासांवर जातो. प्रवासकाळ म्हणून हाच आकडा खरा मानावा. बसने सुमारे ३५० किमीला पाच-सहा तास लागतात. मात्र जोहोर बाहरूच्या सीमेवर, विशेषतः शुक्रवारी संध्याकाळी, गर्दी असली की हा हिशेब कोलमडतो.

घड्याळ बदलावे लागत नाही. दोन्हीकडची वेळ एकच असून १ जानेवारी १९८२ पासून ती भारतीय वेळेच्या अडीच तास पुढे आहे.

अंतर कमी असले तरी वर्दळ मोठी आहे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार वर्षभरात येथे ३० हजारांहून अधिक उड्डाणे झाली आणि हा जगातील सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय मार्ग ठरला. यामागे जुने नाते आहे. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून वेगळे झाले तरी दोन्ही देशांची विमान कंपनी १९७२ पर्यंत एकच होती. तिच्या विभाजनातून पुढे आलेल्या दोन राष्ट्रीय कंपन्यांचेच या मार्गावर दीर्घकाळ वर्चस्व राहिले. २००८ मध्ये स्वस्त विमान कंपन्यांना परवानगी मिळाली, तेव्हा सामान्य माणसाला हा प्रवास परवडू लागला.

दोन शहरे दीड तासात जोडणाऱ्या, सुमारे ३५० किमी लांबीच्या अतिवेगवान रेल्वेचा करार २०१६ मध्ये झाला होता. ती झाली असती तर घर ते घर हिशेबात विमान मागे पडले असते. मुदतीत एकमत न झाल्याने १ जानेवारी २०२१ रोजी हा करार संपुष्टात आल्याचे दोन्ही सरकारांनी जाहीर केले.