ऊन लागलं, की फुगा फुटला?

मे महिन्यात नागपुरात डोकं दुखलं की निदान घरातच होतं: ऊन लागलं. मग पन्हं, ओला पंचा, खिशात कांदा. पन्ह्याने पाणी-मीठ भरून निघतं. खिशातल्या कांद्याने फक्त खिशाला वास येतो. पण काही सेकंदांत शिगेला पोचलेली डोकेदुखी, सोबत उलटी आणि ताठ मान, हे ऊन नव्हे. मेंदूच्या तळाशी धमनीला आलेला फुगा फुटल्यावर असं होतं.

पहिला सीटी साधा, डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडतात ते द्रव्य) न देता. सीटीच्या घनतेच्या मापात पाणी ०, मेंदू ३०-४०, ताजं रक्त ६०-८०; आकडा मोठा तितकं चित्र पांढरं. म्हणून एरवी पाण्याने भरलेल्या, काळ्या दिसणाऱ्या मेंदूतळाच्या फटी पांढऱ्या दिसतात. पहिल्या ६ तासांत ही खूण क्वचितच हुकते. पुढे मेंदूभोवतीचं पाणी (दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवं तयार होतं) रक्त पातळ करत नेतं, आणि गडचिरोलीकडून निघालेल्या रुग्णाचे ६ तास रस्त्यातच सरू शकतात. शिवाय हा पांढरेपणा हिमोग्लोबिनमुळे येतो. सिकलसेलच्या (हिमोग्लोबिन कमी करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) आपल्या विदर्भात हे विसरू नये: हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर सांडलेलं रक्तही मेंदूसारखं राखाडी दिसू शकतं. शंका उरली तर कमरेतून, मणक्यातलं हेच पाणी काढून तपासतात.

रक्त दिसलं, पण फुगा कुठे आहे? त्यासाठी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन काढलेलं धमन्यांचं चित्र, आणि तिथे सगळा खेळ वेळेचा. कोपराच्या शिरेत १८ नंबरची हिरवी कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) लागते. मनगटावरची बारीक निळी कामाची नाही, कारण आयोडीनची डाय सेकंदाला ४-५ मिली वेगाने सोडायची असते, मागोमाग सलाईन. डाय हृदयात, फुप्फुसात, परत हृदयात आणि मग मानेतून वर चढते. मेंदूच्या धमन्या भरल्यावर शिरा भरायला जेमतेम ४-६ सेकंद लागतात. चित्र त्याच्या आत हवं. थकलेल्या हृदयाचा माणूस डाय उशिरा पोचवतो, म्हणून घड्याळावर विसंबत नाहीत. महाधमनीवर छोटं वर्तुळ आखून यंत्र तिथली घनता पुन:पुन्हा मोजतं. ती सीटीच्या मापात साधारण १०० ने वाढली की टेबल आपोआप सरकतं. घाई झाली तर धमन्या फिक्या येतात, उशीर झाला तर शिरांचा गुंता. हाडाला टेकलेला फुगा हाडात लपतो, कारण दोन्ही पांढरे. मग डायआधीचं चित्र वजा करतात. मधल्या वेळात रुग्ण हलला की वजाबाकी फसते.

स्थिर रुग्णासाठी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी अजूनही सरस; ३ मिमीहून लहान फुगा सीटीतून निसटू शकतो. पण कानशिलामागे रक्ताची मोठी गाठ साचून एका डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल तर तेवढी सवड नसते. तेव्हा सीटी अँजिओग्राफीवरच विसंबून कवटी उघडतात. पडद्यावरचं चित्र ऑपरेशन टेबलावर डोकं जसं वळवलेलं असेल तसं फिरवून सर्जन बघतो: फुग्याची मान (धमनीला जोडलेला भाग) किती रुंद, लगतच्या फांद्या कुठून फुटतात, तोंड कोणत्या दिशेला. फुग्यावर बारीकसं बोंड दिसलं तर बहुधा तीच फुटलेली जागा. फुग्याच्या मानेला टायटॅनियमची क्लिप बसेपर्यंत त्या जागेला धक्का लागू द्यायचा नाही.